विमान कुणाकडे

हँगरच्या दारात दोन विमानं शेजारी उभी असली, की दादाला आणि छोटीला भांडायला दुसरं काही लागत नसे. छोटी पन्नाशीला आलेली, स्वतः वैमानिक, इतरांना उडायला शिकवणारी. पण दादाच्या लेखी धाकटी बहीण ती छोटीच. तिच्या विमानात समोर दोन मोठे पडदे, त्यांवर नकाशा, ढग, वारा, सगळं रंगीत, वर ऑटोपायलट. दादाच्या विमानात नुसत्या गोल तबकड्या, त्यांचे काटे आणि वळताना अडखळणारं होकायंत्र.

"तुझं ते विमान नाही, टीव्ही आहे," दादा म्हणायचा. "समोर बसायचं आणि बघत राहायचं."

"आणि तुझं म्हणजे घड्याळाचं दुकान. काटे बघून डोळे गेले, तरी हट्ट जात नाही."

एरवी यावर दोघं हसत. त्या दिवशी हसली नाहीत. गेल्या खेपेला उतरताना दादाचं विमान चेंडूसारखं उसळलं होतं आणि छोटीने ते पाहिलं होतं. दादाची बोटं हल्ली थरथरत. तो ते कुणाला सांगत नसे, पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला होता, आणि बहिणीचं लक्ष नेमकं तिथेच गेलं.

"ऑटोपायलट बसवून घे दादा. नाहीतर एकटा उडू नकोस."

"तुझं यंत्र विमान उतरवून देतं का?"

"नाही. आपल्या एवढ्याशा विमानात शेवटी हातच लागतात."

"मग हातांचंच बोल. चल, शेजारी बस. नीट उतरवलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही जमलं, तर किल्ली तुझी."

तो बोलून गेला खरा, पण उडणं सुटलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्याला माहीत नव्हतं.

दोन वैमानिक शेजारी बसले की एक रीत पाळतात. स्टिअरिंग दोघांपुढेही असतं, त्यामुळे विमान कोण चालवतंय यात घोळ झाला तर जिवावर बेततं. म्हणून घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, 'विमान माझ्याकडे.' देणाऱ्याने म्हणायचं, 'विमान तुझ्याकडे,' आणि मगच हात काढायचे. छोटीला हे दादानेच शिकवलेलं. झोपेतून उठवलं तरी तोंडातून तेच यावं, इतकं घोटून.

वारा बाजूने होता. धावपट्टी समोर आली, तशी दादाची बोटं थरथरू लागली. उंचीच्या तबकडीवर त्याला एकाचे दोन काटे दिसायला लागले. तेवढ्यात हेडफोनमध्ये शब्द आले, "विमान माझ्याकडे."

त्याला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. "विमान तुझ्याकडे," म्हणत त्याने हात मांडीवर घेतले. बहिणीकडे बघवेना, म्हणून तो आपल्या बाजूच्या खिडकीबाहेर बघत बसला.

विमान वाऱ्याकडे अलगद झुकलं. डावं चाक टेकलं, मग उजवं. धक्का नाही, आवाज नाही. वेग ओसरत ते धावपट्टीच्या कडेला जाऊन थांबलं.

"हरले बाबा!" छोटी म्हणाली. "असं उतरवताना मी कुणालाच पाहिलेलं नाही."

"टोमणे नकोत. उतरवलंस तू."

"मी? तुझी बोटं बघून मी हात पुढे केला, तर तूच ओरडलास, 'विमान माझ्याकडे'. मी 'विमान तुझ्याकडे' म्हणत सोडलं आणि भीतीने डोळे मिटून घेतले."

"मी कशाला ओरडू? ते तू म्हणालीस."

दोघांनी एकाच क्षणी 'विमान तुझ्याकडे' म्हटलं होतं, म्हणून एकमेकांचं ऐकू गेलं नव्हतं. मग दादाने गुपचूप एखादं यंत्र बसवलंय की काय म्हणून छोटीने वाकून तबकड्यांच्या खाली हात घालून पाहिलं. तिथे वायरी होत्या, धूळ होती. दुसरं काही नव्हतं.

"आपोआप टेकलं असेल," ती म्हणाली. अशा वाऱ्यात विमान आपोआप टेकत नाही हे ती रोज शिकवत असे.

दादाला चैन पडेना. हात आपले होते की नव्हते? आपणच उतरवलं आणि विसरलो, की उतरवलंच नाही? दोन्हींपैकी काय बरं, हेही कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला बघून तो म्हणाला, "एकच फेरी. एकटा. मला कळायला हवं."

छोटीने पुष्कळ विरोध केला. शेवटी तीच त्याच्याबरोबर विमानापाशी आली. एकटं उडताना रिकाम्या खुर्चीचा पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे तो सुटून स्टिअरिंगमध्ये अडकत नाही. दादाने उजवी खुर्ची पार मागे सारली, पट्टा लावला. छोटीने तो ओढून पाहिला आणि दार लावलं.

वर सगळं छान होतं. हवा स्थिर, काटे जागच्या जागी. बोटंसुद्धा शांत होती.

धावपट्टी समोर आली.

बोटं थरथरली.

"विमान माझ्याकडे."

आवाज छोटीचा नव्हता. परकाही वाटला नाही.

शेजारी कुणी नाही हे दादाला पक्कं ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "विमान तुझ्याकडे." हात मांडीवर आलेसुद्धा.

त्याने उजवीकडे पाहिलं नाही.

चाकं कधी टेकली ते त्याला समजलं नाही.

छोटी धावत आली तेव्हा इंजिन बंद होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "हात तुझेच होते, दादा! आता तर शेजारी कुणी नव्हतं. पुन्हा विषय काढणार नाही, शप्पथ!"

दादाने किल्ली काढून खिडकीतून तिच्यापुढे धरली.

"अरे, जिंकलास ना? मला कशाला देतोस?"

"घे," तो म्हणाला.

त्याचं काहीतरी बिनसलंय असं वाटून ती वळसा घालून उजव्या बाजूला गेली. शेजारी बसावं म्हणून तिने दार उघडलं, पण तिला आत बसता येईना. खुर्ची अगदी पुढे ओढलेली होती, पाय आखूड असलेल्या कुणासाठी तरी. पट्टा सोडलेला होता, आणि त्याची दोन्ही टोकं दोन बाजूंना नीट ठेवलेली होती, काम आटोपून उतरणारा माणूस ठेवतो तशी.