वाचून दाखवणारं बटण

हिंदुरावांच्या ऑफिसात चूक म्हणजे पाप. बिबवेवाडीत गाद्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस, आणि काम एकच: मिक्सर, गीझर, पंखे यांच्या खोक्यात जी मराठी माहितीपुस्तिका असते ती तयार करायची. ती कुणी वाचत नाही हे हिंदुरावांनाही ठाऊक होतं. पण एकदा 'ओल्या हाताने स्पर्श करू नये'च्या जागी 'स्पर्श करावा' छापलं गेलं, आणि तेव्हाच्या प्रूफवाल्याला त्यांनी त्याच दिवशी नारळ दिला. त्याच्या खुर्चीत मग सुनीतीबाई आल्या.

बाई नजरेच्या पक्क्या, असा त्यांचा लौकिक. खरी गोष्ट अशी की डाव्या डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि उजवाही त्याच वाटेने निघाला होता. काचबिंदू. "गेलेली नजर परत येत नसते. आहे ती थेंब घालून सांभाळा," असं डॉक्टर म्हणाले होते. हे त्यांनी घरी नवऱ्याला, दीनानाथरावांनासुद्धा सांगितलं नव्हतं, मग ऑफिसात कुठलं सांगणार? नोकरी गेली की घरात बसायचं आणि अंधाराची वाट बघायची, हे त्यांना नको होतं.

त्यांना तारलं होतं एका बटणाने. ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वरच्या कोपऱ्यात एक पिवळं बटण होतं. हेडफोन लावायचे, बटण दाबायचं, डोळे मिटायचे, की एक बाई सावकाश मजकूर वाचून दाखवायची. तोही कसा, तर जुन्या छापखान्यात एकजण वाचायचा आणि दुसरा तपासायचा ना, तसा. "पाणी, दुसरी वेलांटी, स्वल्पविराम, किंवा, पहिली वेलांटी..." चुकीपाशी आली की ती थांबायची. सुनीतीबाई डोळे उघडून, स्क्रीनला नाक लावून, तेवढंच दुरुस्त करायच्या. हल्ली कॉम्प्युटरला काय काय येतं बाई, असं म्हणून त्यांनी कधी खोलात विचार केला नाही. आवाज ओळखीचा वाटायचा, एवढंच.

त्या सोमवारी चहा संपवून त्यांनी कॉम्प्युटर लावला, तर कोपऱ्यात बटणच नाही. वरची सगळी पट्टी बदललेली. रविवारी कॉम्प्युटरवाल्या शौनकने येऊन ऑफिसातले सगळे प्रोग्रॅम नवे टाकले होते.

"काकू, एकदम लेटेस्ट व्हर्जन आहे. बघा किती स्मूथ चालतंय," शौनक म्हणाला. बिल घ्यायला तो आलेलाच होता.

"स्मूथ राहू दे बाजूला. माझं वाचायचं बटण कुठंय?"

"कसलं बटण?"

त्यांनी सांगितलं. शौनकने आधी नव्यात शोधलं, मग त्यांच्या हट्टापायी जुना प्रोग्रॅम परत टाकला. तीच ती करडी पट्टी आली, सगळं जिथल्या तिथे. पिवळं बटण तेवढं नव्हतं.

"काकू, याला मराठी वाचता येतच नव्हतं हो. आणि तुमच्या या कॉम्प्युटरला आवाज कधी नव्हताच. हेडफोन लावून तुम्ही ऐकत काय होता?"

मागच्या टेबलावर चैताली बसायची. पुस्तिकांत चित्रं लावणारी पोरगी, तोंडाची फटकळ. ती हसली.

"ऐकत कुठल्या? काकूच वाचायच्या की मोठमोठ्याने. वेलांटी, उकार, सगळं. आज किती शांत वाटतंय!"

"मी?" सुनीतीबाई म्हणाल्या. "काहीतरीच काय!"

"अहो, डोळे मिटून. सुरुवातीला मी घाबरले होते. मग झाली सवय."

सुनीतीबाईंनी हिंदुरावांकडे बघितलं. ते हिशेबातून मान वर न करता म्हणाले, "मला वाटायचं, घरून पाठ करून येता. आमच्या पगारात एवढं करणारं माणूस मिळत नाही, म्हणून बोललो नाही. गीझरची पुस्तिका पाचला छापायला जायची आहे, तेवढं बघा."

सुनीतीबाईंचं डोकं सुन्न झालं. आपण वाचत होतो, तर दिसत नसताना कसं? आणि दिसत नसलेलं आपल्याच कानांना कोण सांगत होतं? विचार पुढे सरकेना. शौनक बिल ठेवून निघून गेला. समोर गीझरची पुस्तिका उघडी होती. आज आपलं पितळ उघडं पडणार, असं म्हणून त्या स्क्रीनवर वाकल्या.

पहिली ओळ दिसली.

दुसरी दिसली. त्यांनी मान मागे घेतली, तरी दिसत होती. चष्मा काढला. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ बारीक छापलेली होती, तीही दिसली. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला. डाव्यानेसुद्धा दिसत होतं.

देवा रे! त्यांना रडूच फुटलं. काय झालं, कसं झालं, त्यांना काही कळेना, आणि आनंद तर मनात मावेना. आज घरी जाताना पेढे घ्यायचे आणि दीनानाथरावांना सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"गीझर, दुसरी वेलांटी, चालू असताना, स्वल्पविराम..."

त्यांच्या स्क्रीनवरची ओळ. चैतालीच्या टेबलावरून एवढी बारीक अक्षरं दिसणं शक्य नव्हतं.

"चैताली, चेष्टा पुरे हं."

"ओल्या हाताने, स्पर्श..."

आवाज थांबला. सुनीतीबाईंनी स्क्रीनकडे बघितलं. पुढे 'करावा' असं होतं.

त्यांनी 'करू नये' केलं.

आवाज पुढे सुरू झाला.

त्यांनी वळून बघितलं. चैताली ताठ बसली होती. हात मांडीवर, डोळे मिटलेले.

"अरे वा," हिंदुराव म्हणाले. "ही पण शिकली वाटतं."

पुस्तिका संपली तेव्हा चैतालीने डोळे उघडले. जांभई दिली आणि डावा डोळा चोळला.

"काकू, तुमचे थेंब देता का जरा? डावीकडे सकाळपासून धुरकट दिसतंय."

थेंबांचं सुनीतीबाईंनी ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी पर्समधली बाटली काढून दिली.

"सुनीतीबाई, मिक्सरची फाईल पाठवलीय. घ्या लगेच," हिंदुराव म्हणाले.

"नाही साहेब. आज नाही. उद्यापासूनही नाही. नोकरी सोडतेय मी."

सुनीतीबाईंनी फाईल उघडली नाही. कॉम्प्युटर बंद केला, वायर भिंतीतून उपटली. स्क्रीन काळा झाला. पर्स उचलून त्या चैतालीला हाक मारायला वळल्या. तिला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

चैताली मान मागे टाकून बसली होती. मिटलेल्या डोळ्यांतून थेंब गालावर ओघळत होते.

"मिक्सर," ती म्हणाली, "पहिली वेलांटी. पान पहिलं."