दीपकची भावकी

सुट्टी असली तरी उंदरांना पाणी लागतंच. म्हणून रविवारी चहा झाला की मी आणि माझा नवरा दीपक कॉलेजवर जायचो. नाशिकबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते. मागच्या बाजूला प्राणिगृह आहे. त्याला खिडक्या नाहीत, दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. आत तुसाचा आणि मुताचा वास, आणि सतत कुरतडण्याचा आवाज. तिथे मी पांढऱ्या उंदरांच्या आतड्याला मुद्दाम सूज आणत होते. निम्म्यांना सूज उतरवणारं नवं औषध द्यायचे, उरलेल्यांना नुसतं पाणी. तुलनेसाठी बिनऔषधाचे ठेवावेच लागतात.

दीपकला तोच आजार होता. रक्त जायचं, अंगावर मांस धरायचं नाही. बिनऔषधाच्या पिंजऱ्यांसमोर स्टूल टाकून तो त्याच्या सटाण्याच्या बोलीत आपल्या भावकीची खुशाली विचारायचा, "काय, मनी भावकी कशी शे?"

खरी भावकी आमच्याशी बोलत नव्हती. मी परजातीची. लग्न झालं आणि त्याच्या थोरल्या भावाने, गोरक्षदादांनी, दार लावून घेतलं. मी चिडवायचे, "तुझ्या या भावकीला शेपट्या आहेत." तो म्हणायचा, "असू दे. रुसत तर नाहीत."

पावसाळा सरता सरता त्याचं आतडं फुटलं. ऑपरेशनला नेताना तो एवढंच म्हणाला, "काही झालं तर आईला कळव."

ऑपरेशननंतर एक रात्र त्याने काढली, आणि पहाटे व्हायचं ते झालं. मी सटाण्याला फोन केला. गोरक्षदादांनी ऐकून घेतलं. "आईला सांगायचं नाही. झेपायचं नाही तिला," म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्यांचा फार राग आला. अजून येतो.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर मी एकटीच. गुरुजींनी विचारलं, "केस काढायला भावकीतलं कोणी?" न्हावी माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने वस्तरा पुसून पेटीत ठेवला. त्या पेटीचं झाकण लागलं तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

घरी जाववेना. दुपारी तिथूनच कॉलेजवर गेले. प्राणिगृहाच्या दारात आमचा सहायक शेखर उभा होता.

"मॅडम, हे बघा ना..."

आत कुरतडण्याचा आवाज नव्हता. बिनऔषधाचे सगळे उंदीर पुढच्या जाळीशी येऊन बसले होते, आणि सगळ्यांची डोकी साफ भादरलेली होती. गुलाबी कातडी, कुठे ओरखडा नाही.

"एकमेकांचे केस कुरतडतात ते," मी म्हणाले.

"प्रत्येक पिंजऱ्यात एकेकच आहे, मॅडम..."

तुसात एकही केस सापडला नाही. कडेचा पिंजरा रिकामा होता. कडी बाहेरून लागलेली. शेखर म्हणाला, सकाळी पाणी बदललं तेव्हा त्यात उंदीर होता.

तेवढ्यात फोन वाजला. सटाण्याहून.

"उज्ज्वला?" गोरक्षदादा दबक्या आवाजात बोलत होते. "इथं उंबऱ्यावर एक पांढरा उंदीर बसला शे. हाकलला तरी हालत नाही. डोकं... डोकं भादरेल शे त्याचं."

मागे एक म्हातारी बाई रडत होती.

"आईला कोणी सांगितलं? आमच्यातलं कोणी बोललं नाही. ती त्याच्यासमोर बसली, अन् एकदम रडायला लागली."

मी रिकाम्या पिंजऱ्याची कडी पुन्हा चाचपून पाहिली.

"आई म्हणते... दीपक पाणी मागत गेला. कोणी दिलं नाही. खरं शे का?"

ऑपरेशननंतर त्याला तोंडाने पाणी द्यायला मनाई होती. रात्रभर तो मागत होता, आणि मी त्याच्या ओठांवर ओला कापूस फिरवत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"खरं आहे, दादा," मी म्हणाले.

पलीकडे आईंचं रडणं थांबलं. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पिण्याचा.

उंदीर जिभेने पाणी चाटतो, मी रोज ऐकते. हे घोट मोठे होते, एकामागून एक, घटाघटा... आणि मध्येच दम घ्यायला थांबणारे.