खोक्यातली बाई

दुपारी एकच्या बातम्यांत टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसं खोकं असायचं आणि त्या खोक्यात ती असायची. अकरा वर्षं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती हातांनी बातम्या सांगायची, आणि तिला स्वतःलाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मग हिला बातम्या कळतात कशा, हा प्रश्न स्टुडिओत आलेला नवा माणूस हमखास विचारायचा. कॅमेऱ्याच्या खाली, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी, दुभाषी ताई बसायची. निवेदकाचा आवाज ताईच्या कानात आणि खुणा ताईच्या हातांत. त्या पाहून ती तेच आपल्या ढंगात, चेहऱ्यावर सगळं आणून कॅमेऱ्याला सांगायची. ताईच्या दोन सेकंद मागे. दोन म्हणजे दोन. स्टुडिओतली मंडळी तिच्याशी बोलताना उगाच घसा फोडून ओरडायची, पण त्या दोन सेकंदांसाठी तिला सगळे मानायचे.

तिचा नवराही बहिरा. घड्याळं दुरुस्त करायचा. टिकटिक बोटाच्या पेराला लागली की त्याला पुरे. रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लागून त्याचं टेबल आणि पलीकडे भिंतीशी टीव्ही. एक वाजला की भिंग कपाळावर चढवून तो बायकोला बघायला बसायचा.

एका सोमवारी ती घरी आली तर स्वारी भलतीच खुशीत.

"आज काय लाडात होतीस? सगळ्या देशासमोर नावाने हाक मारलीस मला!"

डाव्या भुवईवरच्या व्रणाला दोन बोटं टेकवायची, हे त्याचं नाव. लग्नाआधी तिनेच ते ठेवलं होतं आणि दोघांखेरीज कुणालाही ते ठाऊक नव्हतं. निरोपाची खूण झाल्यावर खोकं तीन-चार सेकंद तसंच राहतं. तेवढ्यात म्हणे तिने भुवईला बोटं लावली आणि सांगितलं, 'मागची खिडकी लावून घे.'

"मी असलं काही सांगितलं नाही."

"नाही सांगितलंस," त्याने डोळा मारला. "आणि मी लावलीही नाही."

खिडकी लावलेली होती.

मंगळवारी हाक पुन्हा आली. 'शेजारी ठेवलेली किल्ली परत आण.' त्याने आणली. आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तिने संकलकाच्या मागे लागून दोन्ही दिवसांचं चित्रण काढून घेतलं. संकलकाला त्यात नुसते हलणारे हात दिसले. तिला वाक्य दिसलं. हात तिचेच होते. लहानपणी दारात चेंगरलेली करंगळीसुद्धा तशीच वाकडी.

दोन महिन्यांपूर्वी स्टुडिओच्याच लोकांनी तिला एका पांढऱ्या खोलीत उभं करून, हातांवर ठिपके चिकटवून, दोन दिवस खुणा करायला लावल्या होत्या. संग्रहासाठी, असं सांगितलं होतं. तिला वाटलं, इथेच पाणी मुरतंय. हिची नक्कल तयार करायची आणि हिला घरी पाठवायचं. संताप झाला तिचा. ती तडक निर्मात्याच्या खोलीत गेली, ताईला सोबत घेऊन.

"अहो, ते ठिपक्यांचं काम तर कधीच बारगळलं," निर्मात्याने कानांवर हात ठेवले. "खोक्यात तुम्हीच असता."

बाहेर आल्यावर तिने ताईचा दंड धरला. "नवऱ्याचं नाव तुला कुणी सांगितलं?"

"कसलं नाव?" ताईने विचारलं. मग म्हणाली, "एक विचारू? हल्ली तू माझ्या पुढे असतेस. मी खूण करायच्या आत तुझी झालेली असते. मला वाटलं, तुला बातम्यांचे कागद आधी मिळतात."

कागद तिला कधीच मिळत नव्हते.

त्या दुपारी खोक्याने सांगितलं होतं, 'दाराला साखळी लाव.' रात्री जेवताना ती नवऱ्यावर चिडली. "मला काही सांगायचं असलं तर मी समोर बसून सांगेन. तिचं ऐकू नकोस."

"मी कुणाचंच ऐकत नाही," तो हसला. त्याला ती गंमतच वाटत होती, आणि तिला रडू यायचं बाकी राहिलं होतं. आयुष्यात या एका माणसाला तिचं प्रत्येक बोट वाचता येत होतं.

तिने बेत केला. गुरुवारी नेहमीसारखी निघाली आणि वाटेतूनच निर्मात्याला कळवलं, बरं नाही, येत नाही. उत्तर आलं, 'आराम करा. आज खोकं बंद ठेवतो.' म्हणजे आज खोकं दिसलं की चोर सापडला. एक वाजायच्या आत ती घरी पोचणार होती. नवऱ्याने एकाच वेळी दोघींना बघावं, म्हणजे त्याची खात्री पटेल.

एकला पाच मिनिटं असताना तिने दाराला किल्ली लावली. दार बोटभर उघडलं आणि साखळीला अडकलं. तिने घंटेचं बटण दाबलं. तिच्या घरात घंटा वाजत नसे, दिवा लागे. फटीतून तिला तो लागताना दिसला, विझताना दिसला. कुणी आलं नाही; भिंगात डोळा घातला की त्याला दिवा दिसत नसे. तिने फोनवर लिहिलं, 'मी दारात आहे.' उत्तर नाही. पुन्हा दिवा, पुन्हा दिवा. एक वाजून गेला.

ती रस्त्याकडच्या खिडकीशी गेली.

टीव्हीवर निवेदक बोलत होता. कोपऱ्यात खोकं होतं. खोक्यात ती होती, आज सकाळी घातलेल्या निळ्या शर्टात.

खोक्यातली ती बातम्या सांगत नव्हती. तिची दोन बोटं भुवईवर होती. 'दारात कुणी आलंय. माझ्यासारखी दिसते. उघडू नकोस.'

टेबलावर त्याचा फोन उपडा ठेवलेला होता.

तिने काचेवर थाप मारली. टेबल हादरलं, तो वळला. तिने भुवईला बोटं लावली. 'मी आहे. माझ्याकडे बघ.'

त्याची नजर टीव्हीकडे गेली. तिचीही गेली. खोक्यातले हात नुकतेच खाली येत होते.

'ती नक्कल आहे,' तिने सांगितलं. या वेळी तिने नीट पाहिलं होतं. खोक्यात ते आधी झालं होतं.

'पहिल्या भेटीत तू माझं घड्याळ बिघडवलंस.' खोक्यात. मग तिच्या हातांत.

'रडू नकोस.' खोक्यात. मग तिच्या हातांत.

तिला हे सांगायचंच नव्हतं.

तो एकदा टीव्हीकडे बघत होता, एकदा खिडकीकडे. ती नजर तिच्या ओळखीची होती. दोन घड्याळं शेजारी ठेवून कोणतं मागे पडतंय ते तो असंच बघायचा.

दोन सेकंद. तिलाही मोजता येत होते.

त्याने कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं, उठला, आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता खिडकीचा पडदा ओढून घेतला.

कापडामागे टीव्हीचा उजेड हलत राहिला. ती वळली. हात तिने खिशात घालायला घेतले. पण ते आधी वर गेले, रिकाम्या रस्त्याला निरोपाची खूण केली, आणि मगच खाली आले.