मथुरेच्या गळ्यातला टाक

जोतीराम होटगी स्टेशनावर फिटर होता. आफ्रिकेत रेल्वेचं काम निघालं, साहेबानं त्याचं नाव सुचवलं, आणि सोलापुरातल्या भावकीनं तोंडात बोटं घातली. बायको आणि लेक दोघींना बरोबर न्यायचं ठरलं. लेक बजा, दहा वर्षांची, मेलेल्या पहिलीची. बायको मथुरा, दुसरेपणाची, अजून अल्लडच.

मथुरा तशी गरीब पोर. पण बजाच्या डोळ्यांत ती सलायची. आबा घरी आले की पहिली हाक मथुरेला, चटणी वाटावी तर मथुरेनंच. हे सगळं बजानं एक वेळ सोसलं असतं. सोसवत नव्हता तो मथुरेच्या गळ्यातला टाक.

बिजवराशी लग्न लागलं की सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही तिकडची रीत. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर मेलेल्या बाईची मूर्त उठवलेली. टाक पाहून ती बाई आपली सवत ओळखते, आणि मान मिळाला की गप्प राहते. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, पहिला घास आधी टाकाला दाखवायचा. मथुरा सारं मनापासून करायची. "आधी तुमचं, आक्का," म्हणायची. इकडे बजाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई माझी, आणि जेवते हिच्या हातचं!

मुंबईहून निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी मथुरेला बोट लागली. डेकवर सतरंजी टाकून ती निपचित पडली. बजा तिच्या उशाशी बसून कपाळावरून हात फिरवत राहिली. जोतीरामाला लेकीचं केवढं कौतुक वाटलं! त्याची पाठ वळताच बजानं टाकाचा काळा दोरा दातांनी तोडला आणि टाक स्वतःच्या गळ्यात बांधून पोलक्याआड दडवला.

मथुरेनं जाग आल्यावर गळा चाचपला आणि ती सतरंजी उलटीपालटी करायला लागली.

"समुद्रात पडला असंल," बजा म्हणाली. "ओकताना लई वाकत हुतीस की, मावशी."

मथुरा रडली, जोतीराम तिच्यावर खेकसला, आणि बजा त्या दिवशी पोटभर जेवली.

मोंबासाला उतरले, तर ओळखीचं म्हणावं असं काही दिसेना. पांढऱ्या भिंती, नारळीची झाडं, खारट ओला वास, आणि ज्यातला एक शब्द कळू नये अशी बोली. अंगावरचा घाम वाळत नव्हता. रेल्वेनं दिलेली खोली पत्र्याची, एका खिडकीची.

"मी धक्क्यावरनं ट्रंका घिऊन येतो. दार लावून बसा," सांगून जोतीराम गेला.

दिवेलागण झाली, पण कंदील ट्रंकेत. आजारानं गळालेली मथुरा भुईवर आडवी होती, बजा भिंतीला टेकून. बाहेर समुद्र वाजत होता. मग तोही ऐकू येईनासा झाला. आणि खोलीत वास आला, तव्यावर भाजलेल्या मिश्रीचा.

मिश्री बजाची आई लावायची. मथुरा लावत नव्हती.

"बजे... मिश्री कुनी भाजली गं?"

बजाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. एवढा समुद्र ओलांडून आई आली, आणि आली ती फक्त आपल्यासाठी! कोपऱ्यात बांगड्या वाजल्या. पावलं जवळ आली. बजानं दोन्ही हात पुढं केले.

पावलं तिला ओलांडून गेली. मथुरेजवळ कुणीतरी फतकल मारून बसलं. मथुरेचा अंबाडा सुटला. फणी कुठं दिसत नव्हती, केस मात्र हळूहळू विंचरले जात होते. मथुरेनं डोळे मिटले.

"आई..." बजा गुडघ्यांवर पुढं सरकली. "आई, मी हितं हाय की..."

दंडाला असा चिमटा बसला की कातडं पिळवटून निघालं. गार ओठ कानाला लागले.

"माज्या लेकराला नजर लावू नगंस. सवत हायस... सवतीवानी कोपऱ्यात ऱ्हा."

तेव्हा बजाला उमजलं. आई टाक ओळखत होती. तो ज्याच्या गळ्यात होता, त्याचं तोंड तिनं पाहिलंच नव्हतं. बजानं दोरा हिसडून तोडला, मान कापली तरी तिला भान नव्हतं. टाक तिनं मथुरेच्या छातीवर फेकला.

"घाल गं मावशी, तुजा हाय... घाल की! आई, मी बजा! तुजी बजा!"

फणी थांबली. मथुरेनं डोळे उघडले. तिचं डोकं भुईपासून वीतभर वर होतं, कुणाच्या तरी मांडीवर ठेवल्यासारखं. टाकाकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती बजाकडे टकमक पाहत राहिली, आणि लाडात आलेल्या पोरीच्या आवाजात म्हणाली,

"आई, ही कोन गं?"

अंधारातल्या बोटांनी बजाची हनुवटी वर उचलली. कितीतरी वेळ कुणीतरी तिचं तोंड निरखत होतं.

"कोन की बाई..." आई म्हणाली.

आणि केसांतून फणी पुन्हा फिरू लागली.