डावीकडे कलणारी फियाट

शनिवार पेठेत, एका पोळीभाजी केंद्राला लागून असलेल्या जिन्याखाली, महिपतरावांचे दुकान होते. पूर्वी तेथे घड्याळे दुरुस्त होत असत. लोकांच्या मनगटांवरून घड्याळे उतरली, तेव्हा महिपतरावांनी तेच चिमटे, तेच भिंग आणि तेच स्टूल कायम ठेवून धातूच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्यांचा व्यवसाय आरंभला. काचेच्या कपाटावर पाटी होती : ‘गाडीला हात लावण्यापूर्वी विचारावे. विचारल्यावरही लावू नये.’

फेब्रुवारीतील एका सकाळी एक उंच, कृश गृहस्थ पाटी दोनदा वाचून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. नाव शमशुद्दीन. मार्केट यार्डात चाळीस वर्षे टेम्पो चालवून ते निवृत्त झाले होते.

“गाड्या जमवायला सुरुवात करायची आहे,” ते म्हणाले. “या लाइनीत नवीन आहे मी. आधी काय बघायचं?”

नवशिक्यास उपदेश करणे हा महिपतरावांच्या आयुष्यातील मोजक्या आनंदांपैकी एक होता. पत्नी, मूलबाळ असा अन्य श्रोता त्यांना लाभलेला नव्हता.

“पहिलं, गाडी उलटी करून बूड जोडणाऱ्या रिबिटा बघायच्या. शाबूत असल्या, म्हणजे कुणी उघडलेली नाही. उघडलेली गाडी गेली कामातून. दुसरं, काचेवर ठेवायची, चारही चाकं टेकली पाहिजेत. तिसरं, रंग फार ताजा दिसला तर हुरळून जायचं नाही. आणि एकदम पंधरा घ्यायच्या नाहीत.”

“मला एकच हवी आहे. क्रीम रंगाची फियाट.”

“अहो, एका गाडीचा काय संग्रह होतो?”

“का नाही? लग्नही एकच केलं की मी.”

महिपतराव हसले, आणि स्वतःच जरा चकित झाले. त्यांनी खणातून फियाट काढली. बोटभर लांबीची, सुबक. तिचे दरवाजे उघडत नसत. साच्यात ओतलेल्या नुसत्या रेघा होत्या त्या. चाकांवर मात्र बारीक तारा असल्याने बोटाने दाबले की गाडी खाली बसे व पुन्हा वर येई.

शमशुद्दीनभाईंनी पुढचा डावा कोपरा हलकेच दाबला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“आमची अशीच होती,” ते म्हणाले. “नसीमबानू शेजारी बसली की डावीकडे कलायची. अंगानं भरलेली ना! मी म्हणायचो, ‘बेगम, जरा मधे सरका.’ ती म्हणायची, ‘तुमची मिजास उचलते ती गाडी, मी काय जड आहे?’ दर शुक्रवारी, नमाज झाली की तीन वाजता निघायचो. खडकवासल्याला जाऊन कणीस खायचं नि परत. दोन वर्षं झाली तिला जाऊन.”

गाडी बांधून देताना महिपतरावांनी एकही टोमणा मारला नाही.

महिन्याभराने, एका शुक्रवारी तीनच्या सुमारास, शमशुद्दीनभाई गाडी रुमालात गुंडाळून पुन्हा आले.

“गाडी कलते, महिपतराव. फक्त शुक्रवारी. तीन वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत.”

“बाकीचे दिवस तिला रजा असते वाटतं?”

“थट्टा करा, पण एवढं सांगा, तार सैल झाली आहे का? मी दर शुक्रवारी तिच्याशी बोलत बसतो हो. तारेशीच बोलत असलो तर आता थांबलेलं बरं.”

त्यांचा स्वर असा होता की महिपतरावांनी निमूटपणे डोळ्याला भिंग लावले. गाडी काचेवर ठेवली. जुन्या कॅलेंडरची एक अरुंद पट्टी कापून ती प्रत्येक चाक व मडगार्ड यांच्यामधून सरकवून पाहिली. चारही ठिकाणी पट्टी विनासायास गेली.

“ठणठणीत आहे,” ते म्हणाले.

भिंतीवरील घड्याळात तीनचे ठोके पडले. गाडी पुढून डावीकडे खाली बसली. काही आवाज झाला नाही. कोणी जपून बसावे तशी ती बसली.

महिपतरावांनी पट्टी पुन्हा घातली. पुढच्या डाव्या चाकापाशी ती अडकली. त्यांनी गाडी तराजूवर ठेवली. वजन विकताना होते तेवढेच, बेचाळीस ग्रॅम. गाडी उचलून अधांतरी धरली. हवेत कोणतेही चाक दबून राहण्यास कारण नव्हते. डावे मात्र दबलेलेच होते.

उघडून पाहणे एवढाच मार्ग उरला. त्यांनी गाडी उलटी केली आणि हातड्रिलचे टोक रिबिटेवर टेकवले.

“आत काहीच नसलं तर?” शमशुद्दीनभाईंनी हळूच विचारले.

जे उघडले त्यात कारण सापडले, हा महिपतरावांचा आयुष्यभराचा अनुभव होता. या वेळी मात्र त्यांना ते सापडण्याचीच भीती वाटली. त्यांनी ड्रिल बाजूला ठेवले आणि गाडी दोन्ही हातांनी सरळ केली.

“तार सैल नाही,” ते म्हणाले. “माझा शब्द. तुम्ही बोलत जा.”

शमशुद्दीनभाईंनी डोळे पुसले. दाराशी जाऊन ते वळले. “एखाद्या शुक्रवारी तुम्हीही या की आमच्याबरोबर. मागची सीट रिकामीच असते.”

“आणि दुकान कोण बघणार?” महिपतराव उत्तरले. पण त्यांना ते फार बरे वाटले. असे आमंत्रण त्यांना पूर्वी कोणी दिले नव्हते.

मे महिन्यात एका शुक्रवारी, साडेतीनला, एक तरुण स्त्री तोच रुमाल घेऊन आली.

“मी नाजिमा, काका. कर्वेनगरला असते. अब्बा गेले. मागच्या शुक्रवारी, खुर्चीत बसल्या बसल्या. गाडी समोरच होती. ही तुम्हालाच द्यायची, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी.”

महिपतरावांनी दोन्ही हात पुढे करून रुमाल घेतला.

“कलते म्हणायचे. मला तर सरळ दिसते. तुम्ही बघता का?”

त्यांनी गाडी काचेवर ठेवली. ती अगदी समतल होती.

पट्टी पुढच्या डाव्या चाकाशी नेली. अडकली.

पुढच्या उजव्या चाकाशी नेली.

तेथेही अडकली.

“बिघडली आहे का हो?”

“नाही, बाळ,” महिपतराव म्हणाले. “आता बरोबर झाली.”

ती रडली, मग हसली, आणि गेली.

महिपतराव स्टुलावर बसून राहिले. मग त्यांनी पट्टी मागच्या चाकांपाशी नेली. दोन्हीकडे ती मोकळी गेली.

हात मागे घेताना पट्टीचे टोक मागच्या दाराच्या रेघेला लागले.

टोक त्या ओतीव रेघेतून आत गेले.