सहावी काठी

“ही काठी तुम्ही उपटलीत?”

हातातला दगड तसाच धरून तिने वर पाहिलं. रेनकोट घातलेला एक उंच माणूस समोर उभा होता. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही, केस वाऱ्याने पार विस्कटलेले, आणि डोळे... रागावलेले असते तर तिने उत्तर दिलं असतं. ते नुसतेच दमलेले होते.

“पडीक वाटली,” ती म्हणाली. “म्हणजे... आमच्या तंबूच्या खुंट्या वाळूत टिकेनात.”

खुंट्या टिकेनात हे खरं होतं. सहलीला चौघे मित्रमैत्रिणी आले होते. त्यातल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने स्वतःच स्वतःला कॅप्टन नेमलं होतं, आणि कॅप्टनने ठोकलेली प्रत्येक खुंटी वाऱ्याच्या एका झोतात बाहेर येत होती. मग वाळूच्या टेकडीवर ओळीने उभ्या असलेल्या या लांबलचक काठ्या तिलाच दिसल्या. तिनेच एकेक करून सहा उपटल्या होत्या.

“काठीवर हे तांबडे पट्टे आहेत ना,” तो खाली बसत म्हणाला, “वाळूच्या वर किती दिसतात ते मोजायचं. कमी दिसले की वाळू चढली. तीन वर्षं मोजतोय. शेवटची नोंद उद्या घ्यायची होती.”

तिने हातातला दगड खाली ठेवला. ती दातांच्या कवळ्या बनवायची. मेणावर डॉक्टरांनी ओढलेली मधली रेघ कुणी चुकून पुसली, की ती अख्खी प्रयोगशाळा डोक्यावर घ्यायची. रेघ गेली म्हणजे तोंडच वाकडं, असं नव्या मुलींना दमात घेऊन सांगायची. आणि इथे तिने एक सोडून सहा रेघा पुसल्या होत्या.

“आता?”

“आता आणखी एक वर्ष. नोंद नाही तर अहवाल नाही. अहवाल नाही तर वाळू अडवायला शाळेमागे भिंत नाही.” त्याने टेकडीपलीकडच्या कौलांकडे बोट दाखवलं. “आणि माझी बदलीही नाही. सोमवारी दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावर रुजू व्हायचं होतं. दोन वर्षांसाठी.”

“मला शिव्या द्या हवं तर.”

“दिल्या असत्या,” तो म्हणाला. “पण तुमचा चेहरा बघून वाटतंय, तुम्ही स्वतःला आधीच दिल्यात.”

ती हसली आणि लगेच ओशाळली. आभाळ भरून आलं होतं, भुरभुर सुरू झाली होती. उरलेल्या काठ्यांवरचे पट्टे मोजताना त्याने वही तिच्या हाती दिली. तो आकडे सांगत गेला, ती लिहीत गेली.

“अर्धा पट्टा कमी सांगताय,” तिने एकदा टोकलं.

त्याने वाकून पाहिलं. “डोळे आहेत की काय आहे!”

“लोकांच्या दातांतल्या फटी बघण्यात आयुष्य चाललंय. तुमच्या वरच्या डाव्या दातालाही टवका गेलाय.”

त्याने झटकन तोंड मिटलं आणि पुढचे तीन आकडे ओठ न उघडता सांगितले. ती इतकी हसली की एक आकडा खोडावा लागला. किती दिवसांनी हसत होती ती! गेलं वर्षभर सकाळी मेण, संध्याकाळी प्लास्टर आणि घरी कुलूप, एवढंच होतं तिचं. या मंद, ओल्या उजेडात कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हे तिला पुन्हा आठवलं आणि तिला भीतीच वाटली.

रविवारी सकाळी तिची नर्स मैत्रीण मोबाइल पुढे करत आली. “अगं, हा बघ, काल पोचल्या पोचल्या काढलेला. काय झकास आलीयेस!”

फोटोत ती काठीवर तळहात टेकून उभी होती. मागे पाच काठ्या. बोटांनी फोटो मोठा केला तर पट्टे स्वच्छ मोजता येत होते.

तिने फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि मोबाइल खिशात टाकला. दाखवला तर तो जाणार. नाही दाखवला तर वर्षभर इथेच, तिच्या शहरापासून दोन तासांवर. एका दिवसाच्या ओळखीवर असा विचार करणं म्हणजे वेडेपणा होता, हे तिला कळत होतं. तरी खिशातला हात बाहेर येईना.

तो आला. दोघं वाळूत भटकली. त्याने वाऱ्याने उमटलेल्या रेषा वाचून दाखवल्या. दुपारी तो तिला शाळेत घेऊन गेला. तिथे त्याची आई, त्याच शाळेतल्या बाई, वर्गातली वाळू झाडत होत्या. एका खिडकीची चौकट अर्धी बुजली होती.

“दर रविवारी झाडते,” बाई म्हणाल्या. “नाहीतर सोमवारी दार उघडत नाही. पोरं म्हणतात, बाई, सुट्टी द्या. आणखी एक वर्ष झाडायचं, त्यात काय.”

बाई हसत होत्या, पण कमरेवरचा हात काही काढत नव्हत्या. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथे उभं राहवेना. बाहेर येताच तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला.

त्याने फोटो मोठा करून पट्टे मोजले. मग दोघं टेकडीवर गेली. पाच काठ्यांच्या नोंदी फोटोवरून निघाल्या. सहावी तिच्या हाताखालची, तिचे खालचे पट्टे ओढणीआड झाकलेले.

“तशाच उभ्या राहा,” तो म्हणाला. “काल होतात तशा. हाताची उंची जुळली की काठीही जुळली.”

ती उभी राहिली. त्याने काठी रोवली, तिचा तळहात उचलून वर ठेवला. फोटो पाहिला, काठी आणखी थोडी दाबली.

“कोपर फार सरळ झालं,” ती कुजबुजली. “अर्धा पट्टा वर घ्या.”

त्याने घेतली. आता जुळलं होतं. त्याने हात मात्र काढला नाही.

“फोटो सकाळपासून होता माझ्याकडे,” ती समुद्राकडे बघत म्हणाली. “मुद्दाम लपवला. तुम्ही जाल म्हणून...”

आता हा हात काढून घेणार, तिने मनाशी धरलं.

“आईला नको सांगूस,” तो म्हणाला. “मला राग यायला हवा. येतोय थोडा.”

“येऊ दे.”

“पण सकाळी दाखवला असतास, तर मी दुपारच्या गाडीने गेलो असतो.”

तिने वळून पाहिलं. तो पहिल्यांदाच टवका गेलेला दात लपवायला विसरला होता, आणि डोळे भरले होते.

“दोन वर्षांनी काठ्या बदलायला मीच येणार,” तो म्हणाला. “सहावीला कुणीतरी असं उभं राहायला लागेल.”

“तोवर ही टेकडी कुठे सरकलेली असेल, कुणास ठाऊक.”

“सरकेलच. ते मोजायचंच तर काम आहे माझं.”

खाली कॅप्टनने तंबू आवरायला घेतला होता. तिथून तिला हाका येत होत्या. ती जागची हलली नाही. त्याने एका हाताने वही उघडली, सहाव्या काठीपुढे आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात थांबला.

“काय लिहिताय?”

त्याने वही तिच्याकडे वळवली. ‘मोजताना हात थरथरला. नोंद तरीही बरोबर.’

“कुणाचा हात?” तिने विचारलं.

“ते विचारायला रकाना नाही,” तो म्हणाला, आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.