पाचवा वाडगा

"पाचांतला एक गेला, आणि कोणी नेला तेही मला ठाऊक आहे," जयवंतीबाई म्हणाल्या.

मग आम्हाला आगाशीपर्यंत कशाला बोलावलं, असं भूपेशच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गुप्तहेर मार्था डाबरे यांच्या हाताखाली तीन वर्षं काढल्यावर तोंड मिटून वही उघडायला तो शिकला होता.

टेबलावर चार जपानी वाडगे होते. हाताने घडवलेले, लाकडी, बाहेरून काळे, आतून तांबडे. जयवंतीबाईंच्या दिवंगत भावाची ती भेट. उद्या त्याचा वर्षदिन. फोटोपुढे मांडायला काल कपाट उघडलं, तर चारच निघाले.

"उद्यापर्यंत मिळाला नाही तर भागूबाईचं काम बंद आणि पोलिसात तक्रार!"

बारा वर्षं इथे भांडी घासणारी भागूबाई दाराशी उभी होती. "या घरात मी पानीसुद्धा विचारून पिते," ती म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"शेवटचे घासले ते हिनेच," जयवंतीबाईंचे यजमान सदानंदराव खालमानेने म्हणाले. त्यांच्या मनगटांवर लाल फोड उठले होते.

"हे काय झालं?" मार्थाने विचारलं.

"आंबा उतरवताना चीक उडाला."

"बिब्बा उततो ना, तसंच झालंय," भागूबाई म्हणाली. "मीच घरून खोबरेल आनून दिलं." खिडकीत बाटली होती. खिडकीपलीकडे शेजारच्या मार्सेलच्या घरावर नाताळचा तारा लागला होता.

पुतण्या अल्पेश वसईत जुन्या वस्तू विकायचा. तो फटकन बोलला, "मला सेट हवा होता, काकी, लपवत नाही. पण एकटा वाडगा घेऊन मी काय करू? त्याला विचारतो कोण?"

चोर असंच बोलणार! भूपेशने त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

"घरात काही वेगळं दिसलं?" मार्थाने भागूबाईला विचारलं.

"दिवाळीनंतर बाई माहेरी गेलेल्या, तवा साहेबांनी मायक्रोवेव्हभर सार उडवलेलं. मीच पुसलं. आनि आता रोज ओला पंचा हत्यारांच्या कपाटात कोंबतात. काढला की ओरडतात."

मार्था हसली. "भूपेश, नाताळात आंबे उतरवतात का रे?"

भूपेशने जीभ चावली.

"जपानी कारागीर वाडग्यावर झाडाचा चीक चढवतात. ते झाड बिब्ब्याच्याच कुळातलं. चीक ओला असला की अंगावर उततो. आणि तो वाळायला ऊन चालत नाही, दमट हवा लागते. म्हणून बंद कपाटात ओला पंचा. सदानंदराव, सार तुम्ही वाडग्यातच तापवलंत. त्याला तडा गेला, आणि चीक मागवून तुम्ही तो गुपचूप बुजवत होतात."

सदानंदरावांनी हत्यारांचं कपाट उघडलं. पंच्याखाली वाडगा होता. "वाळला की जागेवर ठेवणारच होतो," ते पुटपुटले.

"वाडग्याचं मी सोसलं असतं हो," जयवंतीबाई म्हणाल्या. "पण मी हिला चोर म्हणत होते, आणि तुम्ही वर तिचंच नाव घेतलंत?" त्या भागूबाईकडे वळल्या. "भागू, उद्यापासून..."

भागूबाईने खिडकीतली खोबरेलची बाटली उचलून आपल्या पिशवीत टाकली. मग पिशवीचं तोंड उघडून सदानंदरावांपुढे धरलं.

"बाटली माझी हाय," ती म्हणाली. "बघून घ्या, मग जाते."

पिशवीत बघायला कुणाचीच मान वर झाली नाही.